गार्डाच्या नावाचा दगड

सावळघाट मागे टाकला की दिंडोरीची द्राक्षं संपतात आणि नागली सुरू होते. करंजाळी जाते, कोटंबीचा घाट येतो, मग पेठ. भाद्रपदात हा सगळा रस्ता धुक्यातून चाचपडत जातो. कड्यांवरून पाणी लोंबत असतं, उतारावर तेरडा फुललेला असतो आणि एसटीची काच कितीदा पुसली तरी पुन्हा धुरकटते. एवढं पाणी बघून नवख्याला वाटतं, इथे कशाला कुणाला ददात असेल? त्याने एप्रिलमध्ये यावं, म्हणजे हंडे घेऊन दरीत उतरणाऱ्या बाया दिसतील. पेठेत पडलेला पाऊस पेठेत थांबत नाही. दमणगंगा, पार या नद्या पश्चिमेला उतरतात आणि गुजरातेत शिरतात. हा उताराचा मुलूख आहे. दिवसा पाणी खाली जातं आणि रात्री चोरीचा खैर.

त्या खैराला आडवा होणारा माणूस म्हणजे गार्ड. कागदावर तो वनरक्षक, त्याच्या ताब्यातलं जंगल म्हणजे नियतक्षेत्र. पण इथे कुणी तसं म्हणत नाही. माणूस गार्ड आणि जंगल त्याचा बीट. पुरुषाला ‘गार्डभाऊ’ म्हणतात, बाई असली तर ‘मॅडम’, आणि जरा ओळख झाली की ‘ताई’.

दर वर्षी ११ सप्टेंबरला वनखात्याच्या कचेऱ्यांमधून राष्ट्रीय वन शहीद दिन पाळतात. २०१३ साली केंद्र सरकारने हा दिवस ठरवला. एखाद्या टेबलावर फोटो, झेंडूचा हार, उदबत्ती, दोन मिनिटं स्तब्धता. बाहेर पाऊस असतो, त्यामुळे ही स्तब्धता कधी पुरती शांत नसते. पत्र्यावर ताशा चालूच असतो. हार घालणाऱ्यांचे बूट चिखलाने भरलेले असतात आणि त्यातले निम्मेअधिक आदल्या रात्री गस्तीवर असतात. भाषण लांबलं की डोळे मिटतात. मला त्यात अनादर दिसत नाही.

ही तारीख आली कुठून? १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात महाराजा अभयसिंहाची माणसं खेजडीची झाडं तोडायला आली. अमृतादेवी बिष्णोई झाडाला मिठी मारून उभी राहिली. ती मारली गेली, मग तिच्या मुली, मग आसपासच्या गावांतून येत राहिलेले बिष्णोई. एकूण ३६३ माणसं. त्यांतल्या एकाच्याही अंगावर खाकी नव्हती. कुऱ्हाड सरकारची होती आणि झाडापुढे रयत उभी होती. म्हणजे वनखाते आपले हुतात्मे ज्या दिवशी आठवतं, तो दिवस सरकारच्या कुऱ्हाडीपुढे उभ्या राहिलेल्या गावकऱ्यांचा आहे. त्या टेबलाभोवती उभ्या असलेल्यांना हे ठाऊक असतं की नाही, कोण जाणे. पेठेत मात्र ही गोष्ट सांगितली की म्हातारी माणसं गालात हसतात.

हसण्याला कारण आहे. या मुलखात गार्ड हा माणूस फार काळ मुकादमासारखा वागला. पेठ हे छोटं संस्थान होतं. १८५७ च्या उठावात इथले कोळी-भिल्ल उठले, हरसूलचा बाजार लुटला गेला आणि इंग्रजांनी पेठच्या राजघराण्यातल्या भगवंतरावाला फाशी दिलं. पुढे मुलूख इंग्रजांच्या हाती गेला, जंगलावर सरकारी हद्द पडली. पालापाचोळ्याचा राब जाळून नागली-वरई पेरणारे कोकणा, महादेव कोळी, वारली एका कायद्यासरशी आपल्याच डोंगरात गुन्हेगार ठरले. कोयता जप्त, बैल जप्त, मोळी जप्त; आणि जप्त करणारा दरवेळी गार्डच. वरचा साहेब कुणी पाहिलेलाच नसायचा. २००६ साली वनहक्क कायदा आला तरी वनजमिनीच्या पट्ट्यांचं भांडण मिटलं नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला जो शेतकऱ्यांचा लाँग मार्च गेला, ज्यांच्या सोललेल्या तळव्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले, त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरीची माणसं मोठ्या संख्येने होती. ती मागत होती ती कसत असलेली वनजमीन नावावर.

तर अशा ठिकाणी गार्डासाठी रडायचं कसं? शहरात हे सोपं असतं. ‘जंगलाचा रक्षक शहीद’ असं लिहिलं की हळहळ वाटते आणि जरा बरंही वाटतं. इथे प्रत्येक घरात गार्डाची एक जुनी, कडू गोष्ट आहे. आणि त्याच घरातला मुलगा नाहीतर मुलगी आज वनरक्षक भरतीसाठी पहाटे घाटात पळत असते. पेठ तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. अशा क्षेत्रात वनरक्षकाची पदं स्थानिक आदिवासींसाठी राखलेली आहेत. आजोबांचा कोयता जप्त करणाऱ्याच्या जागेवर आता नात बसते. तिची परीक्षाही चालण्याची असते: पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर, बायकांना १६. पेठेतल्या पोरींना याचं फारसं कौतुक वाटत नाही. पाणी आणता आणता एवढं त्या कधीच चालल्या आहेत.

आता खैराबद्दल. खैर तोडला की बाहेरची कड फिकट दिसते आणि आतला गाभा गर्द तांबडा. पैसा त्या गाभ्यात आहे, कारण कात त्यातून निघतो. चोरटे जंगलातच साल आणि पांढरं लाकूड तासून टाकतात. वजन उतरतं आणि गाडीत नग जास्त बसतात. सकाळी गार्ड पोचतो तेव्हा थुट उरलेलं असतं आणि भोवती छिलप्यांचा सडा. तो वाकून टेप लावतो, घेर मोजतो, थुटाचा माथा जरा साफ करतो आणि खुणेचा हातोडा मारतो. ओल्या लाकडावर ठसा स्वच्छ उठतो. मग वहीत कक्ष क्रमांक, जात, घेर, अंदाजे किंमत. हे सगळं गुडघे टेकून, जळवा काढत. रात्री या जागी तो असता तर काय झालं असतं, याचा हिशोब त्याच्या मनात चालू असणारच. हातात बहुतेक वेळा काठी आणि बॅटरी. मोबाइलला रेंज असेल तर असेल. समोरच्या गाडीत माणसं किती, ते अंधारात मोजता येत नाही. गाडी अंगावर घातली, दगडफेक केली, अशा बातम्या या सीमाभागातून वरचेवर येतात. आतल्या पानावर, चार ओळींत.

मारला गेलेला माणूस किती मोठा होता, यावर आपला शोक किती लांब चालतो ते ठरतं. याच नाशिक जिल्ह्यात, मनमाडजवळ पानेवाडीला, २५ जानेवारी २०११ रोजी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी भरदिवसा जिवंत जाळलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. सुट्टी सरल्यावर राज्यभरचे सरकारी कर्मचारी कामावर गेले नाहीत, विधिमंडळापासून चहाच्या टपरीपर्यंत तोच विषय. ते योग्यच झालं. पण गार्ड म्हणजे उतरंडीतला सगळ्यात खालचा खाकीवाला. त्याच्यासाठी राज्य थांबत नाही. आणि त्याच्याही खाली वनमजूर असतो, रोजंदारीवरचा, ज्याला गणवेशही नाही.

एक नाव मात्र महाराष्ट्राच्या लक्षात राहायला हवं होतं: स्वाती ढुमणे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातल्या वनरक्षक. २० नोव्हेंबर २०२१ ची सकाळ. दर चार वर्षांनी देशभर होणाऱ्या व्याघ्रगणनेची तयारी सुरू होती. या गणनेचा पहिला टप्पा कॅमेऱ्यांवर नसतो, तो गार्डाच्या पायांवर असतो. आपापल्या बीटात ठरलेल्या वाटा चालायच्या आणि पंजे, विष्ठा, ओरखडे नोंदवायचे. वाघ बघायला नव्हे, वाघाच्या खुणा बघायला. स्वाती ढुमणे तीन मदतनिसांना घेऊन कोलारा गेटपासून चारेक किलोमीटर आत चालत गेल्या. पुढे रस्त्यावर वाघीण बसलेली दिसली, साधारण दोनशे मीटरवर. त्या थांबल्या. अर्धा तास वाट पाहिली. वाघीण हलली नाही, तेव्हा त्यांनी रस्ता सोडून दाट झाडीतून वळसा घेतला. वाघिणीला चाहूल लागली. ती मागून आली आणि सगळ्यात मागे असलेल्या स्वाती ढुमणेंना ओढून घेऊन गेली.

या हकिकतीत माझं मन अडकतं ते त्या अर्ध्या तासात. त्यांनी घाई केली नाही, अंगावर गेल्या नाहीत, शिकवल्याप्रमाणे अंतर राखलं. परत फिरता आलं असतं, असं खुर्चीत बसून म्हणता येतं. पण वाट पुरी करायची होती आणि वाघिणीला त्रास न देता करायची होती. त्या वळल्या, वाघीण वळली नाही, इतकंच.

वाघीण होती माया. पर्यटकांची लाडकी, कॅमेऱ्यांची राणी. ज्या कोलारा गेटातून स्वाती पायी आत गेल्या, त्याच गेटातून लोक जिप्सीत बसून वाघ पाहायला जातात. त्या दिवसानंतर पायी सर्वेक्षण काही काळ थांबवलं गेलं. मायाला पकडलं नाही. तिच्याच राज्यात कुणी तरी चालत आलं होतं, तिचा दोष काय, हे म्हणणं मला पटतं. २०२३ च्या पावसाळ्यात माया दिसेनाशी झाली. नोव्हेंबरात सांगाडा सापडला, डीएनए तपासून तो तिचाच असल्याचं ठरवलं, वर्तमानपत्रांत मृत्युलेख आले, लोक हळहळले. त्या मृत्युलेखांत स्वाती ढुमणे हे नाव आलं तर एका वाक्यापुरतं.

गणना पुरी झाली. देशभर सहा लाख किलोमीटरांहून जास्त चाल झाली. महाराष्ट्रात वाघ निघाले ४४४. हा आकडा टाळ्यांच्या गजरात जाहीर झाला. त्यात स्वाती ढुमणेंचे चार किलोमीटर आहेत.

पेठेत वाघ राहिलेला नाही, बिबटे आहेत. तरी वाघाची बूज इथे आजही आहे. शिवेवर वाघदेव असतो: दगडावर किंवा सागाच्या फळीवर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, कडेला नाग, सगळ्यावर शेंदूर. वाघबारशीला गुराखी पोरं घरोघर धान्य मागतात, रानात शिजवतात, एकजण वाघ होतो आणि बाकीचे आरडाओरडा करत त्याला शिवेबाहेर पळवतात. गेलेल्या माणसासाठीही इथे रीत आहे. त्याच्या नावाने चिरा बसवतात. कुठे नुसता उभा दगड, कुठे त्यावर घोडेस्वार. त्याला सणाला नैवेद्य जातो, नवीन धान्य आलं की आधी त्याच्यापुढे ठेवतात. मेलेला माणूस घरच्या व्यवहारातून बाद होत नाही.

गार्डाचा दगड कुठे बसवायचा? सरकारने डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत स्मारक केलं आहे, चांगलं आहे. पण ते डेहराडूनला. पेठ-हरसूल-सुरगाण्यात एखादा गार्ड उद्या खैराच्या गाडीपुढे पडला, तर त्याचा दगड कचेरीच्या आवारात संगमरवराचा नको. तो त्याच्या बीटात हवा, शिवेवर, वाघदेवाच्या शेजारी. आणि तो गावाने बसवावा. गाव बसवेल का? मी हे पेठमध्ये दोन-चार जणांना विचारलं. एक म्हातारा म्हणाला, “बसवू की. पण गार्ड कसा होता ते बघून.” मला हे उत्तर आवडलं. सरकारी हुतात्म्याला अशी परीक्षा द्यावी लागत नाही. चिऱ्याला द्यावी लागते. दगडावर मजुरांचीही नावं लागतील, हे आणखी एकाने सुचवलं. स्वाती ढुमणेंबरोबरचे तिघं ती सकाळ बघून परत आले. ते पुन्हा जंगलात चालले असतील, कारण रोज बुडवून चालत नाही. त्यांना कुणी हार घातला नाही.

गेल्या सप्टेंबरात कार्यक्रम उरकल्यावर कचेरीबाहेरच्या टपरीवर चहा घेत होतो. शेजारी नुकती भरती झालेली एक गार्ड, इथल्याच पाड्यावरची, रेनकोटातून पाणी झटकत उभी. डोक्यावर इरलं घेतलेला एक म्हातारा तिला शोधत आला.

“मॅडम, बिबट्याने शेळी नेली. रात्रीच. पंचनाम्याला कधी येता?”

“दुपारी येते, मामा. जागा हलवू नका, पंजे पुसू देऊ नका.”

“आणि माझ्या वनजमिनीच्या पट्ट्याचं? तुमच्याच माणसाने मोजणी अडवली.”

तिने चहाचा ग्लास खाली ठेवला. “त्याचं मला वरच्यांना विचारावं लागेल.”

“विचारा,” म्हातारा म्हणाला. “आधी शेळीचं करा. जमिनीवरून आपण मग भांडू.”