विचारणाऱ्यांचे घर

घरातील माणसे वाढली की ओसरी अपुरी पडते, हा बोथच्या आम्हां मराठी कुटुंबांचा जुना अनुभव. 1956 साली राज्यपुनर्रचना झाली. तोवर आदिलाबाद जिल्ह्यात असलेले किनवट मुंबई राज्यात गेले आणि आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. 2014 पासून तेलंगणात आहोत. सोयरीक किनवट-नांदेडला, शेतीवाडी इकडे. दारात तेलुगू, देवघरात मराठी.

ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा थांबली. आमच्या जुन्या संगणकांवर पुढची विंडोज चढेना, म्हणून आम्ही लिनक्स बसवून घेतली. जगाला ती जुनी असली तरी आम्हांला नवीच. अडले तर विचारायचे कोणाला? म्हणून चार घरांनी मिळून फोनवर एक चर्चागट सुरू केला.

लिनक्सचा जन्मही अशाच विचारपुशीतून झाला. अॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ‘मिनिक्स’ नावाची प्रणाली रचली होती. तिच्या चर्चामंडळात 25 ऑगस्ट 1991 रोजी हेलसिंकीचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने कळवले, की आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत आहोत. मिनिक्समधले काय आवडते, काय खटकते, ते सांगावे. उत्तरे येत गेली, माणसे जमत गेली. जानेवारी 1992 मध्ये टॅनेनबॉम यांनी त्याच मंडळात लिनक्सची रचना कालबाह्य ठरवली आणि मोठा वाद झाला. त्याच वर्षी लिनक्सकरांनी आपले स्वतंत्र चर्चामंडळ थाटले. दुसऱ्याच्या ओसरीवर वाढलेल्यांनी स्वतःचे घर बांधले. ते का बांधावे लागते, हे आम्हांला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

आमच्या गटात मात्र पहिले काही आठवडे प्रश्न आले ते इंग्रजीत आणि तेलुगूत. त्याचा खेद नाही. तेलुगू आमची शेजारीण आहे. खेद याचा, की मराठी प्रश्नांनाही आम्ही वडीलधारी मंडळी इंग्रजीतच उत्तरे देत होतो. संगणकाचे बोलणे मराठीत शोभत नाही, असे आम्हीच मनाशी ठरवून टाकले होते.

एके दिवशी गटातल्या एका शाळकरी मुलीने विचारले, “आजोबांचे जुने पत्र उतरवून घेते आहे. त्यांनी पोचेराच्या वाटेवरच्या ‘दऱ्या’ लिहिल्या आहेत, मला ‘दर्या’च उमटतो. काय करू?”

बोथला समुद्र आला, म्हणून आम्ही हसलो. मग गप्प झालो. अक्षराच्या एवढ्याशा फरकाने आजोबांची वाटच बुडत होती.

एका तरुणाने लगेच कळा सांगितल्या: इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘जे’ दाबले की ‘ऱ’ येतो, मग ‘डी’ने पाय मोडायचा आणि तिरप्या रेघेच्या कळीने ‘य’ जोडायचा. एरवी गटात मौन पाळणाऱ्या एका आजींनी लिहिले, की ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. बोलावणे धाडताना जपावे! दोन्ही उत्तरे मराठीत होती.

प्रणाली जुन्या होतील, संगणक मोडीत निघतील. पण ज्या भाषेत मुले प्रश्नच विचारीनाशी होतात, तिची देवघरातली समई किती काळ तेवणार? म्हणून गटात आता एकच नियम आहे: ज्या भाषेत प्रश्न, त्याच भाषेत उत्तर. पत्राचे अजून दोन कागद उतरायचे आहेत. पुढच्या प्रश्नाची आम्ही वाट पाहत आहोत.