भिंतीबाहेरून नागपूर

सौंसरकडच्या बोरगावच्या माणसाची राजधानी भोपाळ, हायकोर्ट जबलपूर आणि बाकी सगळं नागपूर. दवाखाना, पोरांचं कॉलेज, लग्नाचा बस्ता, सगळं तिथेच. सावनेरवरून शहरात शिरायचं, कामं उरकायची आणि अंधाराच्या आत परतायचं, ही आपली रीत. यंदा बस्ता बायकांवर सोपवला आणि मी श्रीमंतांच्या वस्त्या पाहायला मोकळा झालो.

•

आधी महाल, म्हणजे जुनं शहर. नागपूर वसवलं ते देवगडच्या बख्त बुलंद शाहनं, १७०२च्या सुमारास. देवगड म्हणजे आपला छिंदवाडा. तेव्हा महालात फिरताना जरा मान वर करून फिरायला हरकत नाही. गोंडांमागून भोसले आले. त्यांचा काळ्या दगडाचा, लाकडी नक्षीचा राजवाडा १८६४मध्ये जळाला. उरला तो नगारखाना. त्याआधी दहा वर्षं राज्य खालसा झालं होतं. हत्ती-घोडे सीताबर्डीत लिलावात गेले, दागिने कलकत्त्याला. आग लागण्याआधीच घर रिकामं झालेलं.

•

बडकस चौकाकडून आत गेलं की गल्ली एवढी अरुंद, की समोरून ऑटो आला तर ओट्यावर चढावं लागतं. एका वाड्याचा दरवाजा जवळून पाहिला. सागवानी, लोखंडी खिळे, चौकटीवर गणपती. मोठा दरवाजा बहुधा वर्षानुवर्षं उघडलेला नसावा. ये-जा सगळी दिंडीतून, वाकून. गणपतीच्या बाजूला विजेच्या मीटरांची रांग, आणि सगळ्यांवर एकच आडनाव. वाटण्या कशा झाल्या हे कोणाला विचारायची गरज नाही. शेजारी बिल्डरचा बोर्ड: पार्किंगसह टू बीएचके.

मला हा वाडा आवडला, पडका असला तरी. ओटा रस्त्याचा, सावली रस्त्याची. भाजीवाली तिथेच टोपली ठेवून बसली होती, आणि घरच्यांनी तिला पाणी आणून दिलं ते मागितल्याशिवाय.

•

पानठेल्यावर गाव विचारलं. सौंसरकडचा म्हटलं.
“म्हंजे पांढुर्ण्याचे? गोटे मारता ना बाप्पा तुमी!”
“अन् तुमी मारबत जाळता. दिवस एकच, पाडव्याचा.”
पोळ्याचा दुसरा दिवस, तिकडे गोटमारीचा, इकडे मारबतीचा. पानवाला हसला आणि सुपारी जास्तीची टाकली.

•

मग सिव्हिल लाइन्स. इथे गल्ली नाहीच. रुंद रस्ता, दोन्हीकडे मोठमोठी झाडं आणि न संपणारी कंपाउंडची भिंत. महालात श्रीमंती दरवाज्यावर कोरलेली. इथे ती फाटक आणि घर यांच्या मधल्या रिकाम्या जागेत आहे. जितकं घर दिसत नाही तितका साहेब मोठा. १८६१मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी ठरली, आणि गोऱ्या साहेबानं जुन्या शहरापासून, त्याच्या गर्दीपासून आणि तापापासून अंतर राखून ही वस्ती केली. आता तिथे मंत्र्यांचे बंगले, रामगिरी, देवगिरी. १९५३च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथे भरतं. ते तोंडावर आलं की बंगल्यांना रंग आणि रस्त्यांना डांबर.

एका फाटकाशी जास्त वेळ उभा राहिलो तर गार्ड आला. “कोन पाह्यजे?” कोणीच नको, बंगला पाहतोय म्हटलं. तो म्हणाला, “इथून काही दिसत नाही. मलेबी नाही दिसत.”

•

हायकोर्ट मात्र दिसतं. मोठा घुमट आणि वालुकाश्म. आराखडा हेन्री मेड यांचा, हे नवी दिल्लीच्या उभारणीत काम केलेले. उद्घाटन ६ जानेवारी १९४०. आणि १ नोव्हेंबर १९५६ला आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, नागपूर मुंबई राज्यात गेलं. म्हणजे ही इमारत आमची होती ती सतरा वर्षंही नाही. आजोबांच्या वेळचा धुऱ्याचा वाद इथे आला असता. आमचा आला तर जबलपूरची गाडी. वकील मंडळींना याचं काय वाटतं माहीत नाही, पक्षकाराच्या खिशाला चांगलंच कळतं.

•

दोन्ही वस्त्यांत एकच घराणं सापडलं: चिटणवीस. महालात त्यांचा वाडा, भोसल्यांच्या दफ्तराच्या काळापासूनचा मान. पुढे सर गंगाधरराव इंग्रजी कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले. सत्ता सरकली तसा पत्ताही सरकला. सिव्हिल लाइन्समध्ये आज चिटणवीस सेंटर आहे. तिथे व्याख्यानं, प्रदर्शनं होतात. त्या दिवशी रस्त्यावरच बोर्ड होता, प्रवेश सर्वांसाठी खुला. पायऱ्या चढलो, कोणी हटकलं नाही. आत मातीच्या भांड्यांचं प्रदर्शन होतं. एका साध्या सुरईची किंमत वाचली आणि हात मागे बांधूनच पुढे फिरलो.