परतीच्या वाटेवरील गारवा

माझ्या लिहिण्याच्या मेजावर, कागद उडूं नयेत म्हणून, एक वस्तु ठेवलेली असते. ती पाहून आमच्याकडे येणारे स्नेही नेहमी बुचकळ्यांत पडतात. वीतभर लांबीची ती एक काळी रबरी नळी आहे. एका टोकाला चिरफळलेली, लोखंडी पट्टी अजून गळ्याभोंवतीं आवळलेली, आणि हाताला लाकडासारखी कठीण लागणारी. ‘हें काय, सापाचें पिल्लूं वाळवून ठेवलें आहे कीं काय?’ असें एकानें विचारलेंहि. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाच्या मेजावर मोटारीचें आंतडें शोभत नाहीं, हें मला कबूल आहे. पण माझी एक चूक त्या नळीशीं बांधलेली आहे, म्हणून ती तेथें आहे.

नळी माझ्या 2004 सालच्या मोटारीची. आमचें बिऱ्हाड घाटकोपरला. त्यामुळें गाडीचें सारें आयुष्य लालबहादूर शास्त्री मार्गावरील गर्दींत, स्टेशनाजवळच्या गल्ल्यांत आणि वर्षांतून एकदां कोंकणच्या वाटेवर गेलें. पंधरा वर्षें पुरीं झालीं तेव्हां तिची फेरनोंदणी मीं मोठ्या अभिमानानें करून आणली. आमच्या चिरंजिवांना मात्र या वृद्धेंत शर्यतीची घोडी दिसूं लागली. तो अभियंता, वय सव्वीस. मुंबईंत मोटारशर्यतीचा कायमचा मार्ग नाहीं. हौस असेल त्यानें दूर जावें. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथें 1990 सालीं झालेला, सुमारें 3.7 किलोमीटर लांबीचा मार्ग आहे. तेथें पैसे भरून आपली गाडी मोकळ्या वेगानें चालवितां येते. त्याला तेथें जावयाचें होतें. गाडी माझ्या नांवावर, तेव्हां मीं दोन अटी घातल्या : मी बरोबर येणार; आणि कारखान्यानें गाडी जशी दिली तशीच राहील, आंत कसलीहि कापाकापी करावयाची नाहीं.

पहिली अट त्यानें हंसून मान्य केली. दुसरीवर तो अडला. स्टिअरिंगच्या तेलासाठीं एक लहानसा कूलर बसवावा, असें त्याचें म्हणणें होतें. कां, हें त्यानें मला जेवणाच्या ताटावर बोटानें रेघा ओढून समजावून दिलें.

स्टिअरिंग फिरवितांना हाताला जो हलकेपणा वाटतो, तो आपल्या बळाचा नसतो. एंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा एक पंप तेलावर दाब देतो, आणि तें दाबलेलें तेल पुढचीं चाकें वळविण्यास हातभार लावतें. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्यानें 1926 सालीं अशी रचना गाडीवर बसवून दाखविली. विक्रीच्या प्रवासी मोटारींत ती येण्यास मात्र 1951 साल उजाडावें लागलें. मौज अशी कीं, मदतीची खरी गरज गाडी गल्लींत उभी करतांना, म्हणजे एंजिन मंद चालत असतां असते. म्हणून पंप त्या बेतानें मोठा ठेवावा लागतो. शर्यतीच्या मार्गावर एंजिन मिनिटाला सहा-सात हजार फेरे घेऊं लागलें कीं तोच पंप सात-आठपट वेगानें तेल उसळवितो. जास्तीचें तेल एका झडपेंतून मागें वळतें, पुन्हां पंपांत येतें, पुन्हां वळतें. उपयोगाचें काम न करतां नुसतें तापत राहतें. त्यांत वळणामागून वळणें, आणि शेजारीं धगधगतें एंजिन! तेल तापलें कीं पातळ होतें, फेंस धरतें. फेंसांतली हवा दाबली जाते आणि चाकांपर्यंत जोर पोंचतच नाहीं. शिवाय, उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं तेलाचें आयुष्य अर्ध्यावर येतें, असा एक स्थूल नियम आहे. रबर कडक होतें तें निराळेंच.

“बाबा, परतीची नळी फक्त एका ठिकाणीं कापावी लागेल,” तो म्हणाला.

“वीस वर्षें या गाडीनें घाटकोपरच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. कधीं तेल उकळलें का? ज्यांनीं ती बनविली ते कांहीं खुळे नव्हते,” मी म्हणालों.

वर्गांत एखाद्या विद्यार्थ्यानें असा युक्तिवाद केला असता तर मीं त्याला उभाच ठेवला असता. गल्लींतला अनुभव शर्यतीच्या मार्गाला प्रमाण कसा होईल? पण घरांत वडीलकीला तर्कशास्त्राचा परवाना लागत नाहीं. त्यानें मुकाट्यानें ताट उचललें.

जानेवारींतल्या एका दुपारीं त्या मार्गाच्या कडेला मी उभा होतों. पहिल्या तीन-चार फेऱ्या पाहून माझी छाती खरोखरच फुगली. माझी म्हातारी एखाद्या तरुणीसारखी समोरून निघून जात होती. पांचव्या फेरीला तिचा सूर बदलला. एंजिनाच्या गर्जनेंत कण्हल्यासारखा एक बारीक आवाज मिसळला, वळणावर ती किंचित् बाहेर फेंकली गेली, आणि बॉनेटच्या फटींतून पांढरा धूर निघूं लागला. चिरंजिवांनीं गाडी कशीबशी आंत आणली. हातांत अग्निशामक नळकांडीं घेऊन माणसें धांवलीं. फेंसाळलेलें तेल डब्याच्या झांकणांतून आणि या नळीच्या फाटक्या तोंडांतून बाहेर पडून तापलेल्या एक्झॉस्टवर ठिबकत होतें. ज्वाळा उठली नाहीं, एवढेंच दैव. तेल गेलें तरी स्टिअरिंग चाकांपासून सुटत नाहीं, दांत्यांनीं जोडलेलें असतें. पण इतका वेळ तेलानें वाहिलेला सगळा भार भर वळणावर एकाएकीं हातांवर येतो.

तो उतरला. तळवे लालभडक झाले होते. ‘मीं सांगितलें होतें’ या शब्दांची मी वाट पाहत उभा राहिलों. ते आले असते तर मला बरें वाटलें असतें. तो म्हणाला, “बाबा, पाणी आहे का?” मीं बाटली दिली. त्याच्या हातांची थरथर इतकी होती कीं झांकण उघडेना. मीं तें उघडून दिलें.

तेथेंच नवी नळी आणि नवें तेल घालून, मुंग्यांच्या चालीनें, आम्ही घरीं आलों. दुसऱ्याच दिवशीं गाडी मींच जवळच्या कुर्ल्याला एका मिस्त्रीकडे नेली. “कूलर दाबाच्या बाजूला नाही लावायचा, सर,” तो म्हणाला, “तिकडे जाळी फुटेल. तेल काम करून दमून परत येतं ना, तेव्हा त्याला वारा द्यायचा.” त्यानें हातभर नळी मोजली, माझ्याकडे पाहिलें, आणि मीं “कापा” म्हटल्यावरच सुरी चालविली. पंखे असलेली तळहाताएवढी जाळी त्यानें रेडिएटरच्या पुढें, वाऱ्याच्या तोंडाशीं बसविली. पंपाची गति उतरावी म्हणून त्याची पुली मोठी घातली. आणि तापलेलें तेल फुगतें म्हणून डबा खुणेपर्यंतच भरला. तासभर मी बॅटरी धरून उभा होतों. त्या वेळीं चिरंजीव माझ्याशीं एका शब्दानेंहि वाद घालीत नव्हते, याचेंच मला अवघडल्यासारखें होत होतें.

पुढें आम्ही पुन्हां तेथें गेलों. गाडी वीस मिनिटें सलग चालली. उतरल्यावर त्यानें पाण्याच्या बाटलीचें झांकण स्वतः उघडलें, आणि अर्धी बाटली मला दिली.

नव्या बहुतेक मोटारींत आतां हें तेल नाहींच. विजेची मोटर तें काम करते. पण तीहि फार तापली कीं स्वतःला वांचविण्यासाठीं आपली मदत कमी करते, असें चिरंजीव सांगतात. तेव्हां नवी गाडी घेऊनहि या प्रश्नांतून सुटका नाहीं.

मी अजून जुनीच चालवितों. आमच्या गल्लींत ती उभी करतांना चाक पार टोकाला नेलें कीं पंप कण्हतो. पूर्वीं मी तें तसेंच धरून ठेवीत असें. आतां बोटभर मागें सोडतों. शेजारीं बसलेली पत्नी म्हणते, “अहो, पुरतं वळवा की! मागच्यांचा खोळंबा होतोय.”

“तेल तापतं,” मी म्हणतों, आणि गाडी एकदां जास्त पुढेंमागें घेतों.