पोमोनाची धावपट्टी

लॉस एंजेलिसच्या पूर्वेस सुमारे तीस मैलांवर पोमोना हे शहर आहे. रोमन लोकांच्या फलदेवतेचे हे नाव. एके काळी येथे संत्र्या-लिंबांच्या बागा होत्या, तेव्हा ते शोभलेही असेल. उत्तरेस सॅन गॅब्रिएलची पर्वतराजी असून तीत १०,०६४ फूट उंचीचे सॅन अँटोनियो शिखर हिवाळ्यात बर्फाने पांढरे होते. पायथ्याच्या बाजूस जत्रेचे विस्तीर्ण मैदान आणि त्याच्या कडेला मोटारींच्या शर्यतीची सरळ धावपट्टी. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या भाच्याने मला आग्रहाने तेथे नेले.

या शर्यतीस ‘ड्रॅग रेस’ म्हणतात. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो आणि पाव मैल, म्हणजे १,३२० फूट, नाकासमोर धावायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील तरुण भर रस्त्यात अशा पैजा लावीत. त्यांना शिस्त लागावी म्हणून वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली व १९५३ मध्ये तिची पहिली अधिकृत शर्यत पोमोनातच झाली. सर्वांत वेगवान वर्गांचे अंतर २००८ मध्ये एका चालकाच्या मृत्यूनंतर १,००० फुटांवर आणण्यात आले.

मला शर्यतीपेक्षा तिच्यामागचे आवार अधिक आवडले. प्रेक्षकांना तेथे मुक्त संचार असतो. जाताना पट्टीच्या डांबरावर क्षणभर पाय टेकला, तर बूट गुळाच्या पाकात रुतल्यासारखा चिकटला. चाकांची पकड वाढावी म्हणून तेथे राळेसारखे चिकट द्रव्य फवारलेले असते.

एका मंडपाखाली बाप-लेक मागचे चाक काढून बसले होते. लेक मोटार हाकणारी, वय विशीच्या आसपास. बाप तिचा मिस्तरी. टायरला पंक्चर झाले होते. भाच्याने माझी ओळख करून दिली आणि मी तेथेच घुटमळलो.

हा टायर आपल्या ओळखीचा नव्हे. त्यावर एकही नक्षी नाही. अगदी गुळगुळीत, रुंद आणि मऊ रबराचा. हवाही दहा-बारा पौंडच, नेहमीच्या मोटारीच्या निम्म्याहून कमी. बाजूच्या भिंती मुद्दाम पातळ ठेवलेल्या असतात. सुटण्याच्या क्षणी इंजिनाचा हिसका बसला की त्या भिंतींना सुरकुत्या पडतात, टायर जमिनीवर पसरतो आणि पकड घेतो. रिमवर टायर जागचा फिरू नये म्हणून कडेने स्क्रू बसविलेले असतात. आत मात्र आपल्यासारखीच ट्यूब!

बापाने स्क्रू काढले, टायर रिमपासून सोडविला, ट्यूब ओढून साबणाच्या पाण्यात धरली. बुडबुडे दिसले. मग कानशीने घासणे, सोल्यूशन लावणे, ते सुकेपर्यंत फुंकर न घालता थांबणे, ठिगळ दाबणे. आमच्या इंदुरातला कोणताही सायकलवाला त्याच्या शेजारी बसून हे काम पुढे चालवू शकला असता. दहा मिनिटांत ट्यूब धड झाली.

पण बापाने टायर उलटा करून आतून बोटे फिरविली आणि तो गप्प झाला. आवारात कुठे तरी पडलेला स्क्रू टायरच्या मध्यभागी न घुसता खांद्याजवळ, भिंत जेथे सुरू होते तेथे शिरला होता. आतले धागे तुटले होते.

लेक म्हणाली, “दहा सेकंदांचा तर प्रश्न आहे, बाबा.” पहिली फेरी तासाभरावर आली होती. प्रवेशशुल्क भरलेले, शेकडो मैलांचा प्रवास झालेला. बाप म्हणाला, “मध्यभागी असते तर आतून ठिगळ लावून विचार केला असता. पण येथे रबर दर वेळी दुमडते, ठिगळ दुमडत नाही. शेवटास तू ताशी एकशेचाळीस मैलांवर असशील. आणि त्यानंतर थांबायचेही आहे.”

ती रागाने उठून गेली. त्याने तिला हाक मारली नाही. एकच टायर उसना घेऊन भागत नाही, कारण मागच्या दोन चाकांचा घेर सारखा नसला तर गाडी एका बाजूस ओढते, जोडीच हवी. नव्या जोडीची किंमत भाच्याने सांगितली, ती ऐकून मी विषय बदलला.

जोडी शेवटी शेजारच्या मंडपातून आली. तिच्याच वर्गात धावणाऱ्या एका वृद्ध गृहस्थाने आपले जुने टायर स्वतः लोटीत आणून ठेवले. लेकही परतली आणि मुकाट्याने पाना घेऊन बापासमोर बसली. पहिल्याच फेरीत ती हरली. अंतर इतके थोडे होते की मला ते डोळ्यांनी कळलेच नाही. फलकावरचा आकडा भाच्याने वाचून दाखविला. संध्याकाळी मी पाहिले, तेव्हा दोघे ते उसने टायर काढून फडक्याने पुशीत होते.