पैसा आणि पाणलोट

गेल्या नाताळच्या शुभेच्छापत्रांत वसईहून आलेले एक पत्र मी चार दिवस टेबलावर तसेच ठेवले होते. पत्र एका स्नेही कुटुंबातील मुलाचे होते. वडिलांच्या स्मरणार्थ आमच्या बुलडाणा जिल्ह्यात पर्यावरणासाठी काहीतरी करावे, असे त्याच्या मनात होते. एक हजार झाडे लावावीत, त्यांची छायाचित्रे पाठवावीत, जमल्यास एक फलक लावावा, अशी त्याची अपेक्षा होती. शेवटी एक ओळ होती : 'बाबांनी बांधून दिलेला बंधारा अजून भरतो ना?'

तो बंधारा भरत नाही. तिसऱ्या पावसाळ्यापासूनच तो गाळाने भरला आहे.

मोताळा तालुक्यातल्या डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. त्या काळी मी या भागात नवखा होतो आणि उत्साहीही होतो. देणगी आली तसा मी कंत्राटदार गाठला, नाल्यावर सिमेंटची भिंत उभी केली आणि संगमरवरी पाटी बसवली. काम चालू असताना एक वृद्ध गृहस्थ रोज येऊन बसत. एकदा ते म्हणाले, "फादर, वरची माती आंधी थांबवा जी, मंग खाली भित बांधा." मी हसून मान हलवली. पहिल्या वर्षी बंधारा तुडुंब भरला. त्याचे छायाचित्र मी वसईला धाडले आणि उलट टपाली कौतुकाचे पत्र मिळवले. दोन वर्षांनी उघड्या डोंगरावरून आलेल्या मातीने तो भरून गेला, पाण्याने डावा काठ फोडला आणि एका विधवा भगिनीच्या शेताची कड वाहून नेली. त्याचे छायाचित्र मात्र मी कुणालाच पाठवले नाही.

वाचकहो, हे मला ठाऊक नव्हते असे म्हणण्याचीही सोय नाही. सेमिनरीत असताना आम्हा विद्यार्थ्यांना संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीला नेले होते. येशूसंघीय स्विस धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचे काम तेथे चालू होते. पैसा जर्मन शासनाचा होता आणि तो नाबार्डमार्फत येत असे. 1993 मध्ये स्थापन झालेली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था गावांची तयारी करून घेत असे. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे, मोकाट चराई आणि कुऱ्हाड बंद करायची, आणि काम माथ्यापासून पायथ्याकडे न्यायचे. हिशेब गावची पाणलोट समिती ठेवी. म्हणजे त्या वृद्धांनी मला जे एका वाक्यात सांगितले, ते मी वहीत उतरवून घेतलेलेच होते. ती वही आजही माझ्या कपाटात आहे.

पैशाला गावापर्यंत पोहोचण्याची सवयच नाही, हे माझ्यापुरते खरे आहे तसेच जगापुरतेही. 2009 साली कोपनहेगनला श्रीमंत राष्ट्रांनी 2020 पर्यंत दरवर्षी 100 अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन गरीब देशांना दिले. ते 2022 साली पुरे झाले. 2024 मध्ये बाकूला तो आकडा 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज करण्याचे ठरले. परंतु लंडनच्या एका अभ्याससंस्थेने 2017 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार आंतरराष्ट्रीय हवामान निधीतला 10 टक्क्यांहूनही कमी भाग स्थानिक कामासाठी राखलेला होता. आपल्याकडे 2020 च्या कायदादुरुस्तीनंतर तर परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेच्या हाती सोपवता येत नाही. त्यामुळे खेड्यातल्या छोट्या मंडळांकडे जाणारी वाट आणखी अरुंद झाली.

तरीही आमच्या जिल्ह्यात काही घडलेच नाही असे नाही. 2018 चा उन्हाळा मी विसरणार नाही. पानी फाउंडेशनच्या स्पर्धेसाठी 8 एप्रिल ते 22 मे या काळात गावेच्या गावे पहाटे कुदळी घेऊन डोंगरावर जात होती. मोताळा तालुक्यातलेच सिंदखेड त्या वर्षी राज्यात दुसऱ्या क्रमांकाच्या मानकऱ्यांत आले. त्याच सुमारास भारतीय जैन संघटनेने जिल्ह्यात शंभराहून अधिक यंत्रे उतरवली. यंत्रे संघटनेची, इंधनाचा खर्च शासनाचा, आणि निघालेला गाळ शेतात नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा, अशी ती वाटणी होती. देणगीदार, शासन आणि गाव या तिघांनीही खिशात हात घातला, म्हणून मला ती आवडली.

पण इथे एक खडा लागतो. गाळ नेण्यासाठी ट्रॅक्टर हवा आणि टाकण्यासाठी शेत हवे. ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याने काठावर उभे राहून बघायचे. पुढे 2023 पासून लहान शेतकऱ्यांना गाळ वाहण्यासाठी अनुदान मिळू लागले, हे बरे झाले. जागतिक बँकेच्या कर्जातून 2018 साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आपल्या जिल्ह्यासह 15 जिल्ह्यांतली पाच हजारांहून अधिक गावे होती आणि गावोगावी समित्याही होत्या. परंतु वैयक्तिक लाभात आधी स्वतः खर्च करायचा आणि मग अनुदान खात्यावर यायचे. आधी खर्च करणार कोण? 'गावाने ठरवले' असे आपण सहज लिहितो. गाव म्हणजे नेमके कोण, हे विचारायला आपण विसरतो.

ते मला जानेवारीत पुन्हा शिकायला मिळाले. पत्र घेऊन मी वाडीवर गेलो आणि या वेळी काही न सुचवता बसून राहिलो. झाडे कुणालाच नको होती. डोंगरावर समतल चर खणावेत आणि दोन वर्षे चराई बंद ठेवावी, असे पुरुषमंडळी म्हणाली. मला ते दरेवाडीच्या वहीसारखेच वाटले आणि मी मनातून सुखावलो. तेवढ्यात मागे बसलेली एक बाई उठली. तिला शेत नाही, सहा बकऱ्या आहेत. "बंदी करा, पन माह्या बकऱ्या काय खातीन, थे बी लिहा," ती म्हणाली. बैठक तापली, मोडली, आणि आठ दिवसांनी पुन्हा भरली. डोंगराचे तीन भाग करून आळीपाळीने एकेक बंद ठेवायचा, चर खणण्याच्या मजुरीत भूमिहीनांना पहिला हक्क द्यायचा, आणि खात्यावर तीन सह्या लागतील व त्यांतली एक त्या बाईची असेल, एवढे ठरले. फुटलेल्या काठाला दगडी पिचिंग करण्याचे मी माझ्याकडून सुचवले. ते मान्य झाले, पण सगळ्यांत शेवटी.

त्या रात्री मी वसईला उत्तर लिहिले. आधी बंधाऱ्याची हकीकत लिहिली, फुटलेला काठ लिहिला, मी लपवलेले छायाचित्र लिहिले. मग वाडीचा ठराव उतरवला, आणि फलक लागणार नाही हेही लिहिले. पत्र पेटीत टाकताना, ही देणगी आता येणार नाही असेच मी गृहीत धरले होते.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. वडिलांबद्दल तो थोडा वेळ बोलला, थोडा वेळ गप्प राहिला. पैसे पाठवतो म्हणाला, पण दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता स्वतः येऊन वाडी पाहिल्यावर. मग त्याने विचारले, "फादर, चरांचा फोटो तरी पाठवाल ना?"

पाठवीन म्हणालो. खणल्यावरचा पाठवीन, पावसाळ्यानंतरचा पाठवीन, आणि तिसऱ्या वर्षीचाही.