बागेच्या टोकापर्यंत

शर्ली जॅक्सनची 'वी हॅव ऑल्वेज लिव्ह्ड इन द कॅसल' परवा वाचून संपवली आणि झोप उडाली. भूतबित काही नाही त्यात. कॉन्स्टन्स आणि मेरिकॅट या दोन बहिणी आणि चाकाच्या खुर्चीतले ज्युलियनकाका, एवढंच घर. सहा वर्षांपूर्वी आई, वडील, भाऊ आणि काकू साखरेतल्या आर्सेनिकने गेले. कॉन्स्टन्सवर खटला चालला, ती निर्दोष सुटली. पण त्यानंतर बागेपलीकडे पाऊल टाकत नाही. वाणसामान आणायला मंगळवारी-शुक्रवारी मेरिकॅट गावात जाते आणि टोमणे ऐकत परत येते.

या भीतीला अ‍ॅगोराफोबिया हे नाव १८७१ मध्ये कार्ल वेस्टफाल या जर्मन डॉक्टरने दिलं. अ‍ॅगोरा म्हणजे ग्रीकांचा बाजारचौक. भीती नुसत्या मोकळ्या जागेची नसते. तिथे काही झालं तर सुटता येणार नाही, कुणी मदतीला येणार नाही, याची असते. आपल्याकडे मात्र शब्द एकच, घरकोंबडी! त्यात चेष्टा आहे, भीती कुठेच नाही.

जॅक्सनचं हे पुस्तक आलं १९६२ मध्ये. त्यानंतर तिला स्वतःलाच कित्येक महिने घराबाहेर पडता येईना. १९६५ मध्ये ती गेली, अवघ्या ४८ व्या वर्षी.

मला सगळ्यात चटका लावून गेली ती मेरिकॅटची माया. ती बहिणीला जगवते आणि तीच मायेने दार घट्ट लावूनही घेते. मदत कुठे संपते आणि कडी कुठे लागते?

हे आत्याला विचारूनच लिहितेय. अपघातानंतर दोन वर्षं ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून परत फिरायची. डॉक्टरांनी तिला रोज थोडंसंच पुढे जायला सांगितलं. जिथे धडधड वाढेल तिथे पळून न येता, ती ओसरेपर्यंत थांबायचं. कॉन्स्टन्सही मेरिकॅटला भेटायला बागेच्या टोकापर्यंत येते, तेव्हा मला आत्याच दिसली. सध्या तिची मजल कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेली आहे.

पुस्तकाचा शेवट सांगत नाही, वाचाच. घरच्या मंडळींना मात्र एक विनंती. आत्याला फोन कराल तेव्हा "अजून बाहेर पडत नाहीस का?" असं नका विचारू. "आज कुठपर्यंत गेलीस?" असं विचारा.