प्लग काढला तरी...

प्लग काढला की वीज गेली, असे आपण सगळेच धरून चालतो. माझे धाकटे दीर टीव्ही, ॲम्प्लिफायर दुरुस्त करतात. माझा आठवीतला मुलगा सुटीत त्यांच्याकडे काम शिकू लागला, तेव्हा त्यांनी पहिला धडा हाच दिला, की प्लग काढला तरी कपॅसिटर भरलेला असू शकतो.

कपॅसिटर म्हणजे वीज साठवणारे चिमुकले डबडे. २३० व्होल्टवर चालणाऱ्या टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात. ती वीज हळूहळू उतरावी म्हणून बहुधा आतच एक रेझिस्टर बसवलेला असतो. पण नेमका तोच जळालेला असला, तर बंद यंत्राचाही धक्का जीवघेणा ठरू शकतो.

म्हणून काका पुतण्याला घाई करू देत नाहीत. आधी प्लग काढायचा, थोडे थांबायचे, मग रबरी आवरणाच्या तारांनी योग्य रेझिस्टर जोडून वीज उतरवायची आणि शेवटी मीटर लावून खात्री करायची. स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढायची नाही. नवा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावताना ऋण बाजूची पट्टी पाहायची, कारण उलटा बसला तर तो फुटतो. आणि काका जवळ नसताना झाकण उघडायचेच नाही!

दुसरा धडा खरेदीचा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की दिल्लीचे लजपत राय मार्केट, अस्सल मालाबरोबर नक्कलही विकली जाते. दिरांनी एकदा निकामी झालेला कपॅसिटर कापून दाखवला. मोठ्या डब्यात कमी ताकदीचा छोटा कपॅसिटर दडवलेला होता! साधा पंख्याचा कपॅसिटर घेतानाही ते आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एल क्रमांक बघतात. तो 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर पडताळता येतो. भाव संशय यावा इतका कमी असेल, तर ते दुकानाची पायरी उतरतात. घेतलेल्या मालाचे बिल मात्र मागून घेतात.

सासूबाई म्हणतात, "पोराला कशाला या फंदात पाडता?" काळजी मलाही वाटते. पण नुसती मनाई केलेले मूल आपल्या पाठीमागे झाकण उघडते. कारण समजलेले मूल मीटरचा काटा शून्यावर येईपर्यंत थांबते. मला त्याचे हे थांबणे फार मोलाचे वाटते.